पडदा का आहे? (भाषा शिक्षकांनी मिळून कृती तयार करण्याबद्दल)

शब्दयोगी

मराठी मातृभाषा नसलेल्यांना मी मराठी शिकवते. वेगवेगळ्या भाषा शिकवणारे आम्ही काही जण नेटवर एकत्र येऊन वर्गात घ्यायच्या कृती तयार करतो आणि एकमेकांच्या वापरतो. हे करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा खटकते आहे. तिच्यासाठीच हा धागा.

‘माहितीची दरी’ हा प्रकार बहुतेकांना माहीत असेल. जोडीतल्या दोघांकडे एकाच खोलीची दोन चित्रं असतात आणि त्यांत काही फरक असतात. दुसऱ्याचं चित्र बघायचं नाही, फक्त विचारून फरक शोधायचे. वर, खाली, मागे, मध्ये, शेजारी यांचा सराव व्हावा म्हणून मी अशी खोली काढली. त्यात खुर्ची, पेटी, खिडकी आणि पिशवी होती. वर्गात कृती छान झाली. खुर्चीवर, पेटीत, खिडकीजवळ, सगळं बरोबर येत होतं. मला वाटलं, शिकली मुलं.

पुढच्या आठवड्यात निबंध तपासायला घेतले तर ‘डबामध्ये’, ‘पडदामागे’, ‘कपाटमागे’. मग उलगडा झाला. माझ्या चित्रातले सगळे शब्द ईकारान्त स्त्रीलिंगी होते आणि एकवचनात त्यांचं सामान्यरूप (प्रत्यय किंवा ‘वर’, ‘मागे’ असे शब्द जोडताना शब्दाचं होणारं रूप, जसं ‘डबा’चं ‘डब्या-’) मूळ शब्दासारखंच दिसतं. मुलं ‘खुर्ची’ला ‘वर’ जोडत होती आणि ते आपोआप बरोबर ठरत होतं. सामान्यरूप म्हणून काही असतं हे त्या तासाला त्यांच्या गावीही नव्हतं.

चित्र पुन्हा काढलं. या वेळी डबा, पडदा, दिवा, कपाट, दार. तास पार बदलला. एक जण ‘डबात... डबामध्ये...’ असं अडखळत होता. जोडीदार त्याच्याकडे बघत थांबला आणि हळूच म्हणाला, ‘डब्यात’. पहिला म्हणाला, ‘मग पडद्यामागे?’ नियम मी सांगितलाच नव्हता.

ते चित्र मी सामायिक फोल्डरमध्ये टाकलं. पुढे एका सहकारी शिक्षिकेने ते मनापासून सुधारलं. पडदा नीट ओळखू येत नव्हता म्हणून तिथे खिडकी काढली, आणि डब्याच्या जागी पिशवी. दिसायला तिचं चित्र माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे, पण ज्यासाठी ते काढलं होतं ते त्यातून गेलं. यात तिची काहीच चूक नाही. पडदा तिथे का आहे हे मी कुठेच लिहिलं नव्हतं.

म्हणून म्हणते, आपण एकमेकांना नुसते कागद देतो. त्या कागदामागचा विचार आणि तो वर्गात गेल्यावर काय झालं, हे आपल्यापाशीच राहतं. तुमचा अनुभव काय?

तिसरा बाक

वाचतोय. पडद्याचं उदाहरण अगदी पटलं. माझ्याकडे डाउनलोड केलेल्या कृतींचा ढीग आहे, आणि त्यातली प्रत्येक वापरताना मी नव्याने ठेचकाळतो.

नवी वही

मी जर्मन शिकवते. शब्दयोगी, तुमचं मूळ चित्र मी वापरलंय, म्हणून मुद्दाम लिहिते.

जर्मनमध्ये ‘वर’साठीचा ‘आउफ’ तोच राहतो, पण वस्तू तिथे आहे की तिथे ठेवायची आहे यावर पुढचं उपपद (इंग्रजीतल्या ‘द’सारखा शब्द) बदलतं. पुस्तक टेबलावर आहे तर ‘आउफ डेम टिश’, टेबलावर ठेव म्हटलं तर ‘आउफ डेन टिश’. फरक शोधायच्या खेळात सगळं ‘आहे’, ‘आहे’, ‘आहे’ एवढंच येतं, म्हणजे माझ्या मुलांना अर्धाच सराव मिळत होता.

म्हणून मी त्याला दुसरा टप्पा जोडला. फरक सापडल्यावर ‘अ’ने ‘ब’ला सूचना द्यायच्या आणि ‘ब’ने स्वतःचं चित्र ‘अ’सारखं करायचं. मांजर खुर्चीवर ठेव, दिवा कपाटाशेजारी हलव. चित्र तेच, पण आधी ‘कुठे आहे’ आणि मग ‘कुठे ठेवू’. हा टप्पा जोडल्यापासून चुका एकदम वर आल्या, आणि मला त्याच हव्या होत्या.

हा बदल मी फोल्डरमध्ये टाकला, पण ‘जर्मन आवृत्ती’ एवढंच नाव देऊन. आज कळतंय, तुमच्यासारखंच मीही कारण लिहिलेलं नाही.

उगवती

नवी वही, तुमचं वाचून राहवलं नाही. माझा विषय जपानी. आमच्याकडे त्या चित्रात मांजर असलंच पाहिजे. निर्जीव वस्तू ‘आहे’ म्हणायला ‘अरिमासु’, सजीवासाठी ‘इमासु’. मांजर काढून टाकलं तर निम्मा धडाच गेला. माझ्या आवृत्तीत खोलीत मांजर आहे आणि खेळण्यातलं मांजरही आहे. त्या खेळण्याला काय लावायचं यावर दरवेळी वर्गात चर्चा होते, आणि ती व्हावी म्हणूनच ते तिथे ठेवलंय.

म्हणजे एकाच खोलीत मराठीला पडदा हवा, जपानीला मांजर हवं आणि जर्मनला हलवता येण्याजोग्या वस्तू हव्यात.

अनुस्वार

हिंदीवाला इथेही आहे. आमच्याकडे ‘पर्दे के पीछे’, ‘डिब्बे में’ यांसाठी आकारान्त पुल्लिंगी शब्द लागतात, त्यामुळे तुमचा पडदा आणि डबा मला जसेच्या तसे चालतात. कपाट मात्र उपयोगाचं नाही, कारण ‘अलमारी’ एकवचनात बदलतच नाही. दार चालेल, ‘दरवाज़े के पास’ म्हणता येतं.

एक सुचवतो. चित्र एका फाइलमध्ये आणि मजकूर दुसऱ्या फाइलमध्ये ठेवूया का? सध्या शब्द चित्रातच लिहिलेले असतात, त्यामुळे भाषा बदलायची तर चित्रच नव्याने करावं लागतं. बिनशब्दांचं चित्र सगळ्यांसाठी एक, आणि प्रत्येक भाषेचं टिपण वेगळं. त्या टिपणात या भाषेसाठी कुठल्या वस्तू वगळायच्या नाहीत आणि का, हे लिहायचं.

शब्दयोगी

अनुस्वार, हे फार कामाचं सांगितलंत. आजच वेगळं करायला घेते.

टंकवेडा

अनुस्वार यांच्या सूचनेला जोडून. मजकुराची फाइल युनिकोडमध्येच असू द्या आणि संपादन करता येईल अशी असू द्या. देवनागरी युनिकोडच्या 1991 मधल्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, तरी अजून जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या कार्यपत्रिका फिरतात. दुसऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की उघडल्यावर नुसती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची गिचमिड दिसते. पीडीएफ छापायला बरी, पण तिच्यात एक शब्द बदलायचा तरी अवघड जातं. दोन्ही द्या, छापायला पीडीएफ आणि बदलायला मूळ फाइल.

आणि चित्रं व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखी पाठवू नका, ती दाबली जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर मूळ दर्जा राहतो. मोठ्या प्रिंटमध्ये बारीक फरक दिसेनासे झाले की फरक शोधायची कृती तिथेच संपते.

दोन ओळी

मी इंग्रजी शिकवतो. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे, गैरसमज करून घेऊ नका.

शब्दयोगी म्हणतात ते तत्त्वतः बरोबर आहे, पण लिहायचं कधी? तासांमागून तास असतात, मग वह्या, मग इतर कागदपत्रं. आमच्या आधीच्या एका गटात कुणीतरी उत्साहाने कृती नोंदवायचा फॉर्म केला होता. त्यात बावीस रकाने होते. पातळी, कौशल्य, उपकौशल्य, पूर्वज्ञान, साहित्य, मूल्यमापनाचे निकष आणि काय काय. पहिल्या आठवड्यात दोघांनी भरला, मग कुणीच नाही. वाईट याचं वाटतं की त्या धाकाने लोकांनी नुसते कागद टाकणंही बंद केलं. पूर्वी निदान कागद तरी यायचे.

शब्दयोगी

दोन ओळी, हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. बावीस रकाने मीही भरले नसते. मला फक्त तीनच गोष्टी हव्या आहेत. यातलं काय बदलू नये आणि का? वर्गात कुठे अडलं? विद्यार्थ्यांच्या तोंडून आलेलं एखादं वाक्य, जसंच्या तसं. तास संपल्यावर फोनवर बोलून ठेवलं तरी चालेल.

नवी वही

यात ‘किती वेळ लागला’ हेही घाला. कागदावर ‘दहा मिनिटं’ लिहिलेलं असतं आणि वर्गात पंचवीस लागतात. ठरवलेला वेळ आणि खरा वेळ, दोन्ही.

पातळीबद्दलही एक. आम्ही परकीय भाषावाले युरोपीय परिषदेच्या चौकटीतल्या ए1 ते सी2 या सहा पायऱ्या वापरतो. ती चौकट 2001 मध्ये आली, त्यामुळे ‘ए2’ म्हटलं की जगातल्या कुठल्याही शिक्षकाला अंदाज येतो. ‘सोपी’, ‘मध्यम’ असं लिहिलेल्याचा काहीच बोध होत नाही. माझं सोपं तुमचं अवघड असू शकतं.

दोन ओळी

चार ओळी असतील तर मी लिहीन. शब्द देतो.

आणि विषय निघालाच आहे तर माझी एक फसलेली कृती सांगतो, तुमच्या मुद्द्याला ती बळच देते. ‘डिक्टोग्लॉस’ नावाचा प्रकार आहे. रूथ वाज्नरिब यांच्या 1990 च्या पुस्तकामुळे तो शिक्षकांमध्ये पसरला. छोटा उतारा नेहमीच्या वेगाने दोनदा वाचायचा. विद्यार्थ्यांनी फक्त महत्त्वाचे शब्द टिपायचे, मग गटात बसून त्या शब्दांवरून उतारा पुन्हा उभा करायचा आणि शेवटी मूळ उताऱ्याशी ताडून बघायचा. व्याकरणावरची जी चर्चा होते ती गटात, ‘इथे काय येईल’ यावर.

मला कुणाकडून तरी उतारा मिळाला, खाली नुसतं ‘डिक्टोग्लॉस, वर्ग आठवी’. मी वाचायला लागलो आणि सगळी मुलं श्रुतलेखन समजून शब्द न् शब्द लिहायला लागली. तिसऱ्या वाक्याला मागे पडली, ‘सर थांबा, सर थांबा’ सुरू झालं. एक मुलगी रडायच्या बेतात आली. मी हळू वाचायला लागलो, म्हणजे कृती पूर्णच बिघडली.

नंतर ज्यांनी ती पाठवली होती त्यांना विचारलं. ते म्हणाले, ‘पहिल्या वाचनाला पेनं खाली ठेवायला सांगायची, हे तर उघडच आहे.’ मला ते उघड नव्हतं. त्या एका वाक्याने माझा तास वाचला असता आणि त्या मुलीलाही तो त्रास झाला नसता.

तिसरा बाक

+१. ‘हे तर उघडच आहे’ म्हणून जे जे वगळलं जातं, नेमकं तेच लिहिलेलं असायला हवं.

जुनं दप्तर

बऱ्याच वर्षांनी या विषयावर मनासारखं काही वाचायला मिळालं. मी निवृत्त आहे, त्यामुळे वेळ आहे. जरा लांबट लिहितो.

शिक्षकांनी आपलं काम एकमेकांकडे पाठवणं नेटच्या आधीपासून चालत आलंय. फ्रान्समध्ये सेलेस्तॅं फ्रेने या खेड्यातल्या शिक्षकाने 1924 मध्ये वर्गात छोटं छापयंत्र आणलं. मुलं स्वतःचे मजकूर जुळवून छापायची आणि दूरच्या शाळेतल्या वर्गाला पोस्टाने पाठवायची. तिकडची मुलं वाचून उत्तर द्यायची. त्यातून शिक्षकांचंही जाळं तयार झालं. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की लिहिणाऱ्याला माहीत असायचं, हे खरोखर कुणीतरी वाचणार आहे.

दुसरी आठवण जपानची. तिथे ‘जुग्यो केंक्यू’ म्हणजे पाठाचा अभ्यास ही जुनी रीत आहे. काही शिक्षक मिळून एकच पाठ बारकाईने आखतात. एक जण तो शिकवतो. बाकीचे वर्गात मागे बसून शिक्षकाकडे न बघता मुलांकडे बघतात. कोण कुठे थांबलं, कुणी काय खोडलं, शेजाऱ्याला काय विचारलं. मग सगळे बसून बोलतात आणि पाठ दुरुस्त करतात. शब्दयोगींनी डबा-डब्यात ऐकलं ते अशा कानांनीच. आपण एकमेकांच्या वर्गात मागे बसू शकत नाही, तर निदान जे ऐकलं ते लिहून पाठवावं. त्यांनी मागितलेल्या तीन गोष्टींत ते जसंच्या तसं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वाईट कृतीतूनही एक खरं वाक्य मिळालं तर पुढची कृती त्यावर उभी राहते.

फक्त मुलांची नावं काढून टाका. आवाजाची किंवा चेहरा दिसणारी नोंद पालकांच्या संमतीशिवाय कुठेच टाकू नका.

मोकळं पान

एक अडचण मांडते, कारण तिच्यामुळे मी काही काळ काहीही द्यायचं थांबवलं होतं. मी तयार केलेली कथा-साखळीची कृती (चार गटांना कथेचे चार तुकडे, मग नवे गट करून कथा जुळवायची) एका विकत मिळणाऱ्या पुस्तिकेत जशीच्या तशी सापडली. नाव नाही, विचारणं नाही. माझ्या शुद्धलेखनातल्या चुकासुद्धा तशाच होत्या. फार लागलं ते.

टंकवेडा

मोकळं पान, वाचून वाईट वाटलं. तुमचा मजकूर आणि तुमची मांडणी तुमचीच आहे, ती विचारल्याशिवाय छापणं चूकच.

कृतीच्या मूळ कल्पनेचं मात्र वेगळं असतं. तुकडे वाटून मग नवे गट करायची रीत ‘जिगसॉ’ म्हणून 1971 पासून चालत आली आहे. ऑस्टिनमधल्या शाळांत वेगवेगळ्या वंशांची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि त्यांच्यात तणाव होता. तेव्हा एलियट ॲरन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ती तयार केली. प्रत्येकाकडे इतरांना हवा असलेला एक तुकडा, म्हणजे ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नाही. ती रीत कुणीही वापरावी. तुमची कथा, तुमचे प्रश्न, तुमची पत्रिका हे मात्र तुमचं.

यावर उपाय म्हणजे देतानाच अटी स्पष्ट लिहिणं. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने 2002 पासून त्यासाठीच आहेत. नुसता ‘बीवाय’ लावला तर कुणीही वापरावं, बदलावं, विकावंही, पण तुमचं नाव दिलंच पाहिजे. ‘एसए’ जोडला तर बदललेली आवृत्तीही त्याच अटींवर द्यावी लागते. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर नको. ‘एनडी’ म्हणजे बदललेली आवृत्ती पुढे देता येत नाही. आपल्या कामासाठी ‘एनडी’ लावू नका. नाहीतर नवी वहींना जर्मनचा दुसरा टप्पा जोडून तो आपल्याला देताच आला नसता.

एक खाचही सांगतो. ‘बीवाय-एसए’ आणि ‘बीवाय-एनसी-एसए’ असलेल्या दोन कृती मिसळून एक नवी करून वाटता येत नाही, दोघांच्या अटी एकमेकींशी जुळत नाहीत. म्हणून गटाने सुरुवातीलाच एक परवाना ठरवावा. आणि पाठ्यपुस्तकातली चित्रं स्कॅन करून टाकू नयेत. वर्गात दाखवणं वेगळं, नेटवर सगळ्यांसाठी ठेवणं वेगळं.

मोकळं पान

धन्यवाद. हे आधी कुणी समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. कथा-साखळी पुन्हा देते, ‘बीवाय-एसए’ लावून. आणि सोबत टिपण: तिसरा तुकडा सगळ्यात छोटा मुद्दाम ठेवलाय, कारण तो ज्या गटाकडे जातो त्यांना लवकर वाचून होतं आणि मागे पडणाऱ्या मुलांना तिथे ठेवता येतं. पण त्यातच कथेचं कारण दडलंय, त्यामुळे नव्या गटात त्यांच्याशिवाय कुणाचंच पुढे जात नाही.

अनुस्वार

हे वाचून अंगावर काटा आला. तुमची ती कृती मी दोनदा वापरलीय आणि दोन्ही वेळा तिसरा तुकडा लांबवला, ‘सगळे सारखे हवेत’ म्हणून.

उगवती

धाग्यावरून आमची एक पद्धत सांगायची राहिली. नवी कृती वर्गात नेण्याआधी आम्ही व्हिडिओ कॉलवर स्वतःच विद्यार्थी होऊन करून बघतो, तीही न येणाऱ्या भाषेत. मागच्या वेळी एका इंग्रजीच्या मॅडमना आणि एका संस्कृतच्या सरांना मी जपानीच्या चित्रांसह वेगळ्या खोलीत पाठवलं. पाच मिनिटांनी जाऊन बघते तर दोघं गप्प. ‘नेको वा दोको नी इमासु का’, म्हणजे मांजर कुठे आहे, हे त्यांना विचारता येत होतं. पण उत्तर ऐकल्यावर ‘माझ्याकडे नाही’ कसं म्हणायचं ते दिलेलंच नव्हतं, त्यामुळे फरक सापडूनही सांगता येईना. मी ती कृती वर्गात तीन वेळा घेतली होती. मुलं बोट दाखवून किंवा मराठीत बोलून वेळ मारून नेत असणार आणि माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

आता पत्रिकेच्या तळाशी चार तयार वाक्यं आहेत: माझ्याकडेही आहे, माझ्याकडे नाही, पुन्हा सांग, नक्की का?

दोन ओळी

इंग्रजीचं टिपण लिहिलं, इथेच देतो. ‘खोलीत दोन खुर्च्या असाव्यात, एक खिडकीजवळ, एक दाराजवळ. एकच खुर्ची असेल तर मुलांना नुसतं ‘चेअर’ म्हणून भागतं. दोन असल्या की ‘द चेअर निअर द विंडो’ म्हणावंच लागतं. मांजर पहिल्यांदा येतं तेव्हा ‘अ कॅट’, मग ‘द कॅट’. ठरवलेला वेळ पंधरा मिनिटं, लागली बावीस. अडलं कुठे: चित्रं एकमेकांना दाखवून टाकली, म्हणून पाठीला पाठ लावून बसवलं. मुलीचं वाक्य: विच चेअर? आय हॅव टू.’

लिहायला सहा मिनिटं लागली.

शब्दयोगी

दोन ओळी, ‘विच चेअर?’ हे वाचून फार आनंद झाला. तिला विचारावंच लागलं, यातच सगळं आलं.

बिनशब्दांचं चित्र तयार आहे. डबा, पडदा, दिवा, कपाट, दार, दोन खुर्च्या, मांजर, खेळण्यातलं मांजर. कुठली वस्तू कुठल्या भाषेसाठी आहे ते सोबतच्या टिपणात लिहिलंय. पडद्याच्या जागी खिडकी काढणाऱ्या मैत्रिणीलाच या वेळी चित्र काढायला सांगितलं. तिने पडदा असा काढलाय की खालून दोन पाय दिसतात, म्हणजे ‘पडद्यामागे कोण आहे’ हा प्रश्न आपोआप येतो. मला हे सुचलं नसतं.

एकच शंका आहे. बोलताना कितीतरी मराठी माणसं ‘टेबलखाली’ म्हणतात, ‘टेबलाखाली’ नाही. परक्या भाषेतून आलेल्या शब्दांना मुलांनी सामान्यरूप लावलं नाही तर चूक धरायची का? टेबल सध्या चित्रातून काढून ठेवलंय.

जुनं दप्तर

टेबल ठेवा. दोन्ही ऐकू येतं असं टिपणात लिहा आणि तुमची मुलं काय म्हणतात ते आम्हाला कळवा.